क्लोविसची बिनरंगाची बोट

११ एप्रिल, ईस्टरचा रविवार

फादर म्हणाले, ओडील, लोकांवर खेकसण्याआधी वहीवर खेकसत जा, लोकांना तेवढीच विश्रांती. म्हणून ही वही. नोव्हेंबरात माझा नवरा युलिस गेला तेव्हापासून माझी जीभ सुटलीय म्हणतात. आधी काय मी मुकी होते?

पण आज खेकसायचं त्राणच नाही. आज मी नुसती हबकून बसलेय. शुक्रवारी बहिणीकडे थिबोडोला गेले होते. ईस्टरची प्रार्थना तिकडेच आटोपून दुपारी परत आले, तर धक्क्याला बांधलेली आमची बोट ओळखूच येईना. पांढरीशुभ्र. कडेनं हिरवा पट्टा, युलिस काढायचा तसाच सरळ. मागं टांगलेलं जुनं इंजिन, तेसुद्धा वरपासून खालपर्यंत रंगवलेलं. झाकण उघडून बघितलं तर आतूनही. एकेक बोल्ट सोडवून, मागचा पुढचा भाग रंगवून परत बसवलाय. एवढं कोण करतं? मी पायरीवरच बसले आणि रडले. इथे लिहायला लाज कसली.

आमच्या खाडीवरची ही रीत. पुढच्या रविवारी फादर सगळ्या बोटींना आशीर्वाद देतील. त्याला बोट ताज्या रंगात न्यायची. पण ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलं, त्या घरच्यांनी ब्रश धरायचा नाही. दुसरं कोणीतरी, घरात माणूस नसताना, बोट रंगवून जातं. कोणी केलं ते आपण विचारायचं नाही आणि करणाऱ्यानं मरेपर्यंत सांगायचं नाही. सांगितलं की आशीर्वाद उतरून जातो.

विचारायचं नाही, पण अंदाज करायला कोणाची बंदी नाही. व्हर्डिन भावांचं काम असणार. पोरं वांड आहेत, पण मन चांगलं.

संध्याकाळी ह्यूस्टनहून मुलाचा, नॉरिसचा फोन. तेच दळण. "ममा, अख्ख्या लुइझियानात तुझ्या वयाची बाई एकटी चिंबोऱ्या धरायला तळ्यावर जात नाही." मग आमचा करार परत म्हणून घेतला. ते जुनं इंजिन एकदा जरी मला तळ्यावर टाकून बंद पडलं, तर बोट विकायची आणि मी मुकाट त्यांच्याकडे राहायला जायचं. दोन मेला येतोय, स्वतः किल्ली फिरवून बघणार आहे. मी म्हटलं, ये, बघ. वीस वर्षांत त्या इंजिनानं दगा दिलेला नाही. त्याच्या घराच्या खिडकीतून पाणी दिसत नाही. शेजाऱ्याची गाडी दिसते.

१३ एप्रिल

किल्ली फिरवली. रोज कसं, फुर्रकन घेतं. आज, ऊं… ऊं… ऊं… झोपेतून उठवलेल्या म्हाताऱ्यासारखं. सुरू झालं शेवटी. दोरी ओढून सुरू करायची सोय आहे, पण माझा उजवा खांदा कामातून गेलाय. मला किल्लीचाच आधार.

बॅटरी उतरली असेल. दिवसभर चार्जिंगला लावली.

१५ एप्रिल

बॅटरी नाही. मीटर लावून बघितलं, ठणठणीत आहे. गंमत म्हणजे इंजिन ऊं ऊं करत असतानासुद्धा मीटरचा काटा फारसा खाली येत नाही. म्हणजे बॅटरी द्यायला तयार आहे आणि इंजिन घेत नाही. बॅटरीची दोन्ही टोकं तारेच्या ब्रशनं घासली, घट्ट केली. फरक शून्य.

वर चटका बसला तो वेगळाच. बॅटरीची काळी केबल इंजिनाच्या अंगावर जिथं बोल्टनं आवळलीय, तिथं चुकून बोट टेकलं. सकाळची वेळ, धुकं अजून विरलं नव्हतं, तरी बोल्ट तव्यासारखा तापलेला. नव्या रंगानं ऊन धरलं असेल.

परत येताना शेजारचा क्लोविस, युलिसचा जुना जोडीदार, पुलावर उभा दिसला. हल्ली रोज मी परत यायच्या वेळी तिथं खांबाला टेकून उभा असतो. माझा धक्का दिसला की टोपी सारखी करून घरी जातो. फेब्रुवारीत विचारायला आला होता, ओडील, बोट विकणार असलीस तर आधी मला सांग. युलिसच्या मातीवर गवत उगवलं नव्हतं अजून. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलते.

१८ एप्रिल, आशीर्वादाचा रविवार

आज हसावं की रडावं. चाळीसेक बोटी रांगेत, पताका लावलेल्या, सगळ्या नव्या रंगात झळकतायत, आणि मध्ये क्लोविसची. पोपडे निघालेले, हिरवा पट्टा अर्धा उडालेला, बोटीला महारोग झाल्यासारखी. उभ्या जन्मात बिनरंगाची बोट कोणी आशीर्वादाला आणली नसेल. फादरांनी त्याच्यावर चार थेंब जास्त शिंपडले. मी मोठ्यानं म्हटलं, "क्लोविस, रंगाचा डबा हरवला का रे?" तो म्हणाला, "डबा होता, ओडील. संपला." एवढंच. लोक हसले.

पण हसणं माझ्याच घशात आलं. निघताना सगळ्यांची इंजिनं सुरू झाली आणि माझं ऊं… ऊं… करत बसलं. सगळी खाडी बघतेय. त्याची ती महारोगी बोट मात्र फुर्रकन निघाली. आमची दोघांची इंजिनं जुळी. युलिस आणि तो तीस वर्षं एकत्र कोळंबीला जायचे, इंजिनंही एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेली.

जाता जाता बोट बाजूला आणून म्हणतो, "केबली बघितल्यास?" मी म्हटलं, "तू तुझा रंग बघ." म्हाताराही व्हायला लागलाय. उजव्या भुवईचे तेवढेच केस पांढरेफटक झालेत, डावी काळी.

२० एप्रिल

रागात लिहितेय, अक्षर कसंही येईल.

चिंबोऱ्या विकायला अर्लीनच्या शेडवर गेले होते. अर्लीन मूळची वरच्या शहरातली, लग्न करून इथं आली, माल घेते, मला इकडच्यासारखं तांत, म्हणजे मावशी, म्हणते. इंजिनाचं रडगाणं तिला सांगत होते, तर ती सहज म्हणाली, "तांत ओडील, त्या शनिवारी क्लोविसनं दुरुस्त केलं ना ते? मी पुलावरून जाताना बघितलं, तुमच्या बोटीत गुडघ्यावर बसला होता, हातात पाना."

मी टोपली खाली ठेवली. शनिवारी. मी बहिणीकडे असताना. हातात पाना. आणि त्याचं इंजिन फुर्र, माझं ऊं ऊं. जुळी इंजिनं. माझा चांगला स्टार्टर काढून त्यानं स्वतःला लावला आणि त्याचा झिजलेला माझ्या गळ्यात मारला. मी कंटाळून बोट विकावी म्हणून. दुसरं काय असणार? तीस वर्षं माझ्या टेबलावर बसून गम्बोचा रस्सा ओरपला त्या माणसानं.

तेवढ्यात तोच टोपल्या घेऊन आला. मी सगळ्यांसमोर तोंड सोडलं. सगळं लिहीत नाही, फादर कधी वही मागतील. चोर म्हटलं, एवढं खरं.

तो म्हणाला, "तुझ्या स्टार्टरला मी हात लावलेला नाही, ओडील."

"मग शनिवारी माझ्या बोटीत पाना घेऊन काय आरती करत होतास?"

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. कानापर्यंत लाल झाला. टोपी काढून हातात फिरवत बसला. अर्लीननं माझी बाही ओढली, "तांत, असू दे ना. माझ्या आत्ता लक्षात येतंय, मी बोलायलाच नको होतं." मी म्हटलं, "तू गप्प बस, तू साक्षीदार आहेस." क्लोविसनं टोपल्या तिथंच ठेवल्या आणि गेला.

खरं असतं तर माणूस बोलला नसता का?

२२ एप्रिल

सकाळी दार उघडलं तर पायरीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला स्टार्टर. त्याचा. त्याच्या इंजिनातून काढलेला. बरोबर एक शब्द नाही.

म्हटलं, बघ, चोरानं माल परत केला. हसत हसत बसवायला घेतला. आधी माझ्या इंजिनातला काढून जमिनीवर ठेवला, आणि बघावं तरी किती झिजलाय म्हणून बॅटरीच्या थेट तारा त्याला लावल्या. तर असा गरगरला की जागेवरून उडी मारून चिंबोऱ्यांच्या पिंजऱ्यांत जाऊन पडला. काही झिजलेलं नाही. आणि त्याच्या पाठीवर युलिसनं खिळ्यानं कोरलेलं यू अक्षर. म्हणजे माझाच. कधी बदललाच नव्हता.

तरी हट्टानं क्लोविसचा बसवला. किल्ली फिरवली. ऊं… ऊं… ऊं…

दोन्ही स्टार्टर चांगले. बॅटरी चांगली. मग वेडच लागलं. सगळे प्लग काढून वरचं चाक हातानं फिरवलं, लोण्यासारखं फिरलं, म्हणजे आत काही अडकलेलं नाही. किल्लीची वीज स्टार्टरला जोडणारा रिले नवा आणून टाकला. तेच. भूतबाधा म्हणावी तर फादरांनी परवाच पाणी शिंपडलंय.

आणि मी त्या माणसाला भरल्या शेडमध्ये चोर म्हटलं.

माफी मागायला हवी. उद्या जाईन. त्याचा स्टार्टर माझ्याच इंजिनात आहे, तोही काढून द्यायला हवा. उद्या.

२४ एप्रिल

गेले नाही. दारापर्यंत गेले होते. तो कुंपणापाशी जाळं विणत होता, मान वर केली नाही. मला शब्दच सुचेना. शिव्या कशा भराभरा सुचतात. परत आले.

२७ एप्रिल

आज जे झालं ते लिहिते, म्हणजे मलाच खरं वाटेल.

पिंजरे उचलायलाच हवे होते, नाहीतर चिंबोऱ्या आतल्या आत मरतात. इंजिन रडतखडत सुरू झालं, म्हटलं आता बंदच करायचं नाही. शेवटच्या रांगेला पिंजऱ्याची दोरी पंख्यात गुंतली. बंद करावंच लागलं. दोरी कापून काढली, किल्ली फिरवली. ऊं. मग एक कट्ट असा आवाज. मग काहीच नाही. परत कट्ट. बस्स.

दक्षिणेकडून आभाळ काळं होऊन येत होतं. सगळ्या बोटी परतलेल्या. वाऱ्यानं पाणी उसळायला लागलं, बोट आडवी झाली, लाट आत आली. चाकाला दोरी गुंडाळून ओढली तर खांद्यात अशी कळ गेली की डोळ्यांपुढं अंधारी. वायरलेस हातात घेतला आणि ठेवला. बोलले की सगळ्या खाडीला ऐकू जाणार, तासाभरात नॉरिसला कळणार, आणि बोट गेली. परत घेतला, परत ठेवला. आपण एवढ्या मूर्ख असू असं मला कधी वाटलं नव्हतं. गुडघाभर पाण्यात उभी, डब्यानं पाणी उपसतेय आणि करार मोडू नये म्हणून गप्प.

पावसाच्या पडद्यातून ती महारोगी बोट आली. मला आधी पटेना. त्याचा स्टार्टर तर माझ्या इंजिनात बसलाय. म्हणजे त्या पाठीनं, पासष्टी उलटलेल्या माणसानं दोरी ओढून ओढून इंजिन सुरू केलं असणार. डाव्या हाताला फडकं बांधलेलं, रक्तानं भरलेलं. म्हणाला, "पिंजरे सोडून दे. दोरी पकड. बस खाली." माझी बोट त्याच्या बोटीला बांधून ओढत आणली.

धक्क्यावर आलो, बोट बांधली. विचारलं, "तुला कसं कळलं?" तर म्हणे, "पुलावरून मोजतो ना रोज. एक कमी होती."

रोज तो हे करत होता. आणि मला वाटायचं बोटीवर डोळा आहे.

मी म्हटलं, "क्लोविस, नॉरिसला—"

"नॉरिसला काय?" तो म्हणाला. "आज तळ्यावर मी एकटाच होतो." आणि गेला. माफी परत राहिलीच.

२९ एप्रिल

सापडलं. काय सापडलं ते लिहायला बसलेय.

परवाच्या खटाटोपात बॅटरी पार उतरली होती. म्हणून ट्रक धक्क्याच्या कडेला आणला आणि चिमट्यांच्या केबली काढल्या. लाल चिमटा लाल टोकाला. काळा चिमटा बॅटरीपर्यंत पोचेना, पेटीचं झाकण आडवं येत होतं. कंटाळून तो इंजिनाच्या अंगालाच लावला, दात रंगात कचकन रुतले. किल्ली फिरवली.

फुर्र.

मी किल्ली सोडूनच दिली, एवढी दचकले. म्हटलं ट्रकची ताकद असेल. ट्रक चालू ठेवून बोटीची बॅटरी भरू दिली, मग ट्रक बाजूला घेतला. आता फक्त एक काळी केबल, आपल्याच बॅटरीच्या काळ्या टोकापासून इंजिनाच्या अंगापर्यंत. फुर्र. केबल काढली, ऊं… ऊं… लावली, फुर्र. म्हणजे बॅटरीपासून जाणारी वीज ठीक, स्टार्टर ठीक, परत येणारी वाटच कुठंतरी तुंबलेली. जिथं मला चटका बसला होता तो बोल्ट. बोट भाजलं तेव्हा डोकं कुठं होतं माझं?

बोल्ट सोडवला. केबलीचं कडं स्वच्छ, चकचकीत, कोणीतरी पुसून बसवलेलं. आणि त्याच्या खाली पांढरा रंग. नितळ, दोन हात मारलेला, ब्रशचा एक केस अडकलेला नाही. जिथं धातूला धातू टेकायला हवा तिथं रंगाची गादी. वीज बिचारी बोल्टाच्या आट्यांमधून जमेल तेवढी सरकत होती आणि बोल्ट तापत होता.

एखाद्या धसमुसळ्यानं केबलीवरूनच ब्रश फिरवला असता तर काही बिघडलं नसतं. हे काम बोल्ट सोडवून, केबल बाजूला करून, मागं रंग राहू नये म्हणून जीव लावून करणाऱ्याचं. ज्याच्या हातात शनिवारी पाना होता त्याचं. ज्याच्या भुवईला रंग लागला होता आणि मी म्हटलं केस पिकले. ज्याचा डबा संपला होता.

मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं की तू माझ्या इंजिनाला हात लावलास. लावला होताच. माणूस मी बरोबर पकडला होता आणि तोच माणूस माझ्यासाठी गुडघ्यावर बसून ब्रश फिरवत होता. बोलला असता तर आशीर्वाद उतरला असता, म्हणून चोर म्हणवून घेतलं आणि गप्प राहिला. मी हसले की रडले, आता आठवत नाही. दोन्ही केलं बहुतेक.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. त्याच्या रंगामुळे मी तळ्यावर बुडाले असते. हे त्याला कळलं तर? युलिसच्या बायकोला आपण आपल्या हातानं मारलं असतं, हे त्या माणसाला झेपायचं नाही. तो पुलावर उभा राहायचाही नाही परत. नाही, हे त्याला कधी कळू द्यायचं नाही.

चाकूनं रंग खरवडला, पॉलिश पेपरनं घासून नाण्याएवढी जागा लख्ख केली, केबल आवळली, वरून बोटभर ग्रीस. बाकीच्या रंगाला धक्का लावला नाही.

३० एप्रिल

माफी मागितली. शेडमध्ये, सगळे असताना, जिथं तोंड सोडलं होतं तिथंच. "क्लोविस चोर नाही, मी मूर्ख आहे," म्हटलं. व्हर्डिनचा धाकटा म्हणाला, "तांत, परत एकदा म्हणा ना, बापाला बोलावतो." हसू देत, ओढवून घेतलं मी हे सगळं माझ्याच हातानं.

अर्लीननं विचारलं, "मग निघालं काय?"

"मीठ," मी म्हटलं. "केबलीत मीठ बसलं होतं."

क्लोविसचा चेहरा असा उजळला. "मी म्हटलंच होतं, केबली बघ." चारचौघांत दोनदा म्हणाला. मी जीभ दाताखाली धरून ठेवली. आयुष्यात पहिल्यांदाच धरली असेल.

दुपारी त्याचा स्टार्टर त्याच्या इंजिनात परत बसवून दिला. त्याची बोट जवळून बघितली. पोपडे, पोपड्यांखाली जुना रंग, तो युलिस आणि त्यानं मिळून दिलेला. तीस वर्षं दोघांनी एकाच डब्यात ब्रश बुडवले. नोव्हेंबरात मरण माझ्या घरी झालं असं सगळी खाडी म्हणते. त्याच्याही घरी झालं होतं. त्याची बोट कोणी रंगवली नाही आणि त्याच्या लक्षातही आलं नसेल की कोणी रंगवायला हवी होती.

१ मे

क्लोविस डोळे दाखवायला होमा गावाला गेला, अर्लीनच घेऊन गेली. मी सकाळीच डबा आणि ब्रश घेऊन पोचले. माझ्या घरच्यांनी ब्रश धरायचा नाही हे खरं, पण ते आपल्या बोटीला. दुसऱ्याच्या बोटीबद्दल कोणी काही सांगितलेलं नाही.

पट्टा सरळ आला नाही. खांदा मेलाय. इंजिनही रंगवलं, बोल्ट सोडवून, त्याच्यासारखंच. फक्त काळ्या केबलीखालची जागा सोडली. नुसती सोडली नाही, घासून लख्ख ठेवली, चारी बाजूंनी अंगठ्याएवढी कड मोकळी. त्याचं इंजिन अडता कामा नये.

२ मे, रविवार

नॉरिस आला. शर्टाच्या बाह्या सरसावून बोटीत उतरला, मोठ्या साहेबासारखी किल्ली फिरवली. फुर्र. बंद केलं, परत फिरवली. फुर्र. असं पाच-सहा वेळा. शेवटी मीच म्हटलं, "अरे पोरा, पेट्रोल काय तुझा बाप भरणार आहे?"

क्लोविस कुंपणावरून बघत होता. नॉरिसनं त्याला गाठलं. "खरं सांग, कधी अडली का ममा तळ्यावर?"

"ओडील?" क्लोविस म्हणाला. "नाही बुवा. मी असतो ना पुलावर, मला दिसलं असतं."

पोराला नाही म्हणायला जागा उरली नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणाला. जेवून, उरलेला गम्बो डब्यात भरून घेऊन गेला. बोट माझी राहिली.

तो गेल्यावर क्लोविस माझ्या पायरीशी आला. टोपी हातात.

"माझी बोट कोणीतरी रंगवली," म्हणाला.

"विचारायचं नसतं."

"विचारत नाही. पट्टा वाकडा आहे, पण छान रंगवलीय." टोपी फिरवली. "फक्त काळी केबल बसते तिथं रंग नाही. घासून ठेवलंय. मुद्दाम."

देवा, मी काय केलं. जे मरेपर्यंत सांगायचं नाही म्हणून जीभ चावली, ते मीच त्याच्या इंजिनावर लिहून आले होते. त्याच्यासारख्या माणसाला ती जागा दिसणारच होती. बोल्ट सोडवून रंगवणारा माणूस दुसरं काय बघणार?

"तू मीठ म्हणालीस," तो म्हणाला.

"मीठच."

"ओडील, त्या दिवशी तळ्यावर—"

"त्या दिवशी तळ्यावर तू एकटाच होतास. तूच सांगितलंस मला."

तो पायरीवर बसला. चेहरा टोपीत घातला आणि खांदे हलायला लागले. मी त्याला कधी असं बघितलं नव्हतं, युलिसला मातीत ठेवलं तेव्हासुद्धा नाही. मला काय करावं कळेना. आत गेले, कॉफी गाळली, त्याच्या हातात कप दिला, शेजारी बसले. पाणी खाली जात होतं, दोन्ही बोटी दोरीला ताण देत होत्या, दोन्ही पांढऱ्या.

त्याचे खांदे हलायचे थांबले तेव्हा म्हटलं, "पुढच्या वर्षी माझं वर्ष उलटलेलं असेल. ब्रश मी धरीन. तू फक्त बोल्ट सोडव."

त्यानं मान हलवली. कॉफी तोवर गार झाली होती. त्यानं ती तशीच प्यायली आणि कप पुढं करून आणखी मागितली.